टाळूवरच्या गाठीचा सीटी झालाय, मग पुन्हा एमआरआय कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई छप्पन्न वर्षांची. तोंडाच्या आत, टाळूवर उजव्या बाजूला शेंगदाण्याएवढी गाठ, बायोप्सीत अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला. सीटी स्कॅनमध्ये हाड शाबूत आहे. तरी सर्जन म्हणतात, कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून सुईने द्यायचं औषध) देऊन चेहऱ्याचा आणि कवटीच्या तळाचा एमआरआय करून आणा, नसेतून पसरलाय का ते बघायचंय. मुलीला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सीटी चांगला आला असताना दुसरा स्कॅन का? पेट स्कॅन केला तर एमआरआय टळेल का? आणि नसेतून पसरला म्हणजे मेंदूत गेला का? शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आहे: आईच्या नाकाशेजारी, उजव्या गालावर सात-आठ महिने मुंग्या येतात, त्यासाठी वरची दाढही काढली, पण मुंग्या गेल्या नाहीत.

ताई, तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची ओळ ही शेवटचीच आहे. मी गेली वीसेक वर्षं डोकं आणि मान या भागाचे स्कॅन वाचतो. गालावरच्या मुंग्यांचा उल्लेख फॉर्मवर असला की तोच स्कॅन मी वेगळ्या नजरेने वाचतो. तेव्हा आधी ही गोष्ट सर्जनच्या कानावर घातली आहे ना, याची खात्री करा. दाढेच्या दुखण्याचा भाग म्हणून ती मागे पडली असेल तर पुन्हा सांगा. आणि एमआरआय करायलाच हवा. का, ते सांगतो.

त्याआधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपण मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. ‘सुईला नस सापडत नाही’ यातली नस वेगळी आणि ‘कंबरेत नस दबली’ यातली वेगळी. त्यामुळे ‘नसेतून पसरलाय’ असं ऐकलं की घरच्यांना वाटतं, रक्तात उतरला, आता अंगभर गेला. इथे तसं नाही. इथे बोलणं चाललंय ते मज्जातंतूबद्दल, म्हणजे इंग्रजीतल्या नर्व्हबद्दल. त्याच्याभोवती पापुद्र्यांसारखी आवरणं असतात. काही गाठींच्या पेशी या आवरणांच्या आतून किंवा त्यांच्या कडेने तंतूला धरून सरकत जातात. पूर्वी समजूत होती की आवरणात लसीकावाहिन्या असतात आणि पेशी त्यातून वाहत जातात. ते खरं ठरलं नाही. मज्जातंतू आणि त्याच्या आधारपेशी जी वाढीची प्रथिनं सोडतात, त्यांच्या ओढीने गाठीच्या पेशी तिकडे वळतात. म्हणजे या पेशी तंतूच्या बाजूने वाढत जातात. वाट मिळाली म्हणून वाहून जाणं वेगळं आणि हे वेगळं.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या बाबतीत सगळ्यांत पुढे आहे. तो लाळग्रंथींचा कॅन्सर. टाळूच्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी असतात, तिथेही होतो. वाढतो संथ, पण मज्जातंतूचा नाद सोडत नाही. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे गालाच्या आतल्या अस्तराचे आणि हिरडीचे कॅन्सर इतके आहेत की एकूण आकड्यात पाहिलं तर नसेच्या वाटेने गेलेले रुग्ण त्या, म्हणजे स्क्वॅमस सेल, प्रकाराचेच जास्त दिसतात. पण एकेका गाठीचा स्वभाव पाहिला तर तुमच्या आईच्या गाठीचा प्रकार या कामात सर्वांत तरबेज. चेहऱ्याच्या त्वचेचे काही कॅन्सर, लिम्फोमा (लसीकापेशींचा कॅन्सर) आणि मेलेनोमाचा (रंगपेशींच्या कॅन्सरचा) एक प्रकारही हीच वाट धरतात.

आता आईच्या चेहऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टाळूची संवेदना नेणारा तंतू टाळूच्या मागच्या कडेला असलेल्या एका बारीक भोकातून वर चढतो आणि वरच्या जबड्याच्या सायनसच्या पाठीमागे एका चिंचोळ्या फटीत पोहोचतो. तिचं नाव टेरिगोपॅलाटाइन फोसा. उंची साधारण दोन सेंटिमीटर, रुंदी काही मिलिमीटर. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण डोक्यातल्या वाटांचं हे जंक्शन आहे. टाळूचा तंतू इथे येतो, आणि गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात यांची संवेदना नेणारा तंतूही इथेच येतो. दोघे मिळून मॅक्सिलरी नर्व्ह होतात. ही चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हची दुसरी शाखा. फोरामेन रोटंडम नावाच्या गोल छिद्रातून ती कवटीत शिरते, कॅव्हर्नस सायनस या मेंदूखालच्या रक्ताच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीतून मागे जाते, मेकेल्स केव्ह नावाच्या पाण्याच्या छोट्या पिशवीत तिच्या मज्जापेशींचा पुंजका असतो, आणि तिथून पुढे मेंदूच्या खोडाला मिळते.

म्हणूनच गाठ टाळूवर असताना मुंग्या गालावर येऊ शकतात. पेशी टाळूच्या तंतूवरून वर चढून जंक्शनला पोहोचल्या, तर तिथून कवटीकडेही जाऊ शकतात आणि उलट फिरून गालाकडेही येऊ शकतात. तुमच्या आईचं तसंच झालंय असं मी म्हणत नाही. मुंग्यांना दातांची, सायनसची, मधुमेहाची कारणंही असतात. पण टाळूवर ही गाठ, त्याच बाजूच्या गालावर मुंग्या आणि दाढ काढूनही फरक नाही, एवढं जुळून आलं की तपासल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. उलटही ध्यानात ठेवा. नसेतून पसरलेल्या पुष्कळ रुग्णांना काहीही जाणवत नसतं. मुंग्या नसत्या तरी या गाठीसाठी मी एमआरआय सांगितलाच असता.

सीटी हाड उत्तम दाखवतो. टाळूचं हाड खाल्लं गेलंय का, छिद्राच्या कडा झिजल्यात का, हे त्यात नीट कळतं. अडचण अशी की छिद्र रुंदावतं ते उशिरा. दोन-तीन मिलिमीटरच्या तंतूत पेशी शिरून तो थोडा फुगला, तरी हाडाला धक्का लागायला बराच काळ जातो. म्हणून ‘हाड शाबूत’ हे वाक्य खरं असूनही नसेबद्दल ते काहीच सांगत नाही. तुमचा सीटी चुकला नाही. त्याला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याने दिलं, एवढंच.

एमआरआयमध्ये मी सर्वांत आधी काय पाहतो, माहीत आहे? चरबी. कवटीच्या तळाशी जिथे जिथे तंतू छिद्रातून बाहेर पडतो, तिथे तिथे निसर्गाने चरबीची एक लहानशी उशी ठेवली आहे. एमआरआयच्या टी-वन नावाच्या साध्या चित्रमालिकेत, कॉन्ट्रास्टची सुई देण्याआधी, ही चरबी पांढरीशुभ्र दिसते. त्या पांढऱ्यात तंतू एका करड्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. गाठीच्या पेशी आल्या की हे पांढरं करडं होत जातं. मी स्क्रीनवर डावी-उजवी बाजू एकाच रेषेत ठेवतो आणि एकेक काप पुढे सरकवतो. डाव्या फटीत चिमूटभर पांढरं, उजव्या फटीत तेवढंच पांढरं, तर जीव भांड्यात पडतो. एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला मळकट करडं दिसलं की मी थांबतो. मग कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरची, चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेली चित्रं उघडतो. तंतू जाड झालाय का, चमकतोय का, रोटंडमपर्यंत की त्याच्या पलीकडे? मेकेल्स केव्हमध्ये पाणी आहे की तिथे काही भरलंय? कॅव्हर्नस सायनसची बाहेरची भिंत फुगली आहे का? टाळूपासून मेंदूच्या खोडापर्यंत ती अख्खी वाट मी चालून येतो. मग जंक्शनवरून फुटणारी आणखी एक वाट पाहतो. व्हिडियन नर्व्ह नावाचा तंतू याच फटीतून मागे जातो आणि कानाच्या हाडातल्या फेशियल नर्व्हशी, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नर्व्हशी, जोडलेला असतो. ज्याला चेहऱ्याची नस बघायची आहे त्याने टाळू बघावा, आणि टाळूची गाठ बघणाऱ्याने कानाचं हाड सोडू नये, ते यासाठीच. जबड्याच्या बाजूलाही असाच एक पूल आहे. कानासमोरच्या लाळग्रंथीत ट्रायजेमिनलच्या तिसऱ्या शाखेचा एक फाटा फेशियल नर्व्हला भेटतो, आणि गाठ एका नर्व्हवरून दुसरीवर उडी मारते.

ही वाट चुकली की काय होतं, ते मी माझ्याच हातून पाहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी पन्नाशीतले एक गृहस्थ आले होते. चेहऱ्याची डावी बाजू हळूहळू, दोन-तीन महिन्यांत लुळी पडत गेली होती. बेल्स पाल्सी, म्हणजे कारण न सापडता अचानक चेहरा लुळा पडण्याचा आजार, समजून त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. फॉर्मवर लिहिलं होतं: ‘चेहऱ्याचा अर्धांगवायू, एमआरआय ब्रेन’. ब्रेनचा स्कॅन झाला, मी वाचला, मेंदू निरोगी होता, तसं लिहिलं. चार महिन्यांनी ते परत आले तेव्हा पापणी मिटत नव्हती आणि कानाखाली काहीतरी टणक लागत होतं. मी जुना स्कॅन पुन्हा उघडला. अगदी शेवटच्या दोन कापांत, चित्राच्या खालच्या कडेला, कानामागच्या हाडाखाली जिथे फेशियल नर्व्ह बाहेर पडते तिथली डावीकडची चरबी नाहीशी झाली होती. उजवीकडे ती स्वच्छ पांढरी होती. लाळग्रंथीच्या आतल्या भागात गाठ होती आणि ती नर्व्ह धरून वर चालली होती. चित्र माझ्यासमोर होतं, मी मेंदू बघत बसलो. बेल्स पाल्सी सहसा एक-दोन दिवसांत पूर्ण बसते आणि काही आठवड्यांत उतरू लागते. जी आठवड्यांमागून आठवडे वाढत जाते किंवा तीन-चार महिन्यांत सुधारतच नाही, ती बेल्स पाल्सी नाही असं धरून चालायचं आणि मेंदूच्या खोडापासून लाळग्रंथीपर्यंत सगळी नर्व्ह बघायची. त्या गृहस्थांनंतर मी एक सवय लावून घेतली. चेहऱ्याची कुठलीही तक्रार असली की मेंदूकडे पाहण्याआधी छिद्रांखालची चरबी पाहायची, दोन्ही बाजूंची.

म्हणून एमआरआय कुठला, हेही तितकंच महत्त्वाचं. नुसता ‘ब्रेन’ लिहून दिला तर साधारण पाच मिलिमीटर जाडीचे काप पडतात आणि तंतू दोन-तीन मिलिमीटरचा. तो दोन कापांच्या मध्ये हरवून जातो. शिवाय टाळू आणि जबडा चित्राबाहेर राहतात. आईसाठी हवेत ते तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप, आडवे आणि समोरून उभे असे दोन्ही, डोळ्यांच्या वरपासून खालच्या जबड्यापर्यंत. सुईच्या आधीची, चरबी न दाबलेली टी-वन मालिका हवीच. घाईच्या वेळी काही ठिकाणी नेमकी तीच गाळली जाते आणि मग माझ्यासारख्याचा मुख्य साक्षीदारच जातो. थ्री टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन मिळालं तर चांगलं. दीड टेस्लावरही नीट केलेला स्कॅन चालतो. निष्काळजीपणे केलेल्या थ्री टेस्लापेक्षा मी तो केव्हाही घेईन.

तिथे मशीनवर साधारण अर्धा ते पाऊण तास लागेल. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. आईची कवळी असेल तर काढून ठेवायची. पक्क्या बसवलेल्या धातूच्या टोप्या असतील तर आधी सांगा, कारण त्यांच्यामुळे टाळूजवळचं चित्र बिघडतं आणि तंत्रज्ञाला सेटिंग बदलावं लागतं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर आधीच कळवा. कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचं असतं, सीटीतलं आयोडीनचं नव्हे. किडनीचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि आईला एक सांगा: मशीनचा ठोका चालू असताना गिळायचं टाळायचं, ठोका थांबला की गिळायचं. टाळूचे फोटो सर्वांत जास्त याच एका गोष्टीने हलतात.

पेट स्कॅनबद्दल. पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की कवटीच्या तळाशी सगळा उजेडच असतो आणि त्या झगमगाटात दोन मिलिमीटरचा तंतू ओळखू येत नाही. वर हा कॅन्सर संथ असल्याने पुष्कळदा पेटवर फिका दिसतो. तेव्हा पेट हा एमआरआयला पर्याय नाही. छातीचा सीटी मात्र सर्जन सांगतील, कारण या गाठीला फुप्फुसात जायची सवय आहे. तो टाळू नका.

मेंदूत गेला का, हा तुमचा तिसरा प्रश्न. मला वाटतं, रात्रीची झोप याच प्रश्नाने उडाली असेल. नसेतून पसरणं आणि मेंदूत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाळूच्या मागच्या फटीपर्यंत आला, रोटंडममध्ये आला, कॅव्हर्नस सायनसपर्यंत आला, मेकेल्स केव्हपर्यंत आला, या सगळ्या पायऱ्या मेंदूच्या आधीच्या आहेत. प्रत्येक पायरीला उपचाराचा हिशेब बदलतो. फटीच्या अलीकडे असेल तर सर्जन तो तंतू वरपर्यंत काढू शकतात आणि कडेचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवू शकतात. कवटीच्या आत गेला असेल तर चाकूने सगळं काढणं बहुधा जमत नाही आणि भर रेडिएशनवर येतो. रेडिएशन देणारे डॉक्टर माझ्या रिपोर्टमधला शेवटचा संशयास्पद बिंदू पाहून त्याच्या पुढेपर्यंत, तंतूच्या वाटेने, किरणांचं क्षेत्र आखतात. माझ्या रिपोर्टमध्ये एक पायरी राहिली तर त्यांच्या नकाशातही ती राहते. म्हणून ऑपरेशनच्या आधी हा स्कॅन मागणारे सर्जन तुम्हाला मिळाले, हे चांगलं झालं. काही निवडक रुग्णांमध्ये प्रोटॉन किरणांचाही विचार होतो. टाटा स्मारकच्या खारघर केंद्रात ती सोय आहे, पण गरज आहे का ते टीम ठरवेल.

एमआरआय चांगला आला तर काय? आनंद माना, पण बायोप्सीच्या किंवा ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या आत किंवा लगत बारीक तंतूभोवती पेशी दिसणं म्हणजे इन्व्हेजन. मोठ्या, नाव असलेल्या तंतूवरून गाठीपासून दूर गेलेला पसरा स्कॅनवर दिसणं म्हणजे पेरिन्यूरल स्प्रेड. पहिलं असून दुसरं नसणं नेहमीचं आहे. दोन्ही रिपोर्ट खरे असतात. मूठभर पेशी कुठल्याही मशीनला दिसत नाहीत, आणि म्हणूनच स्वच्छ एमआरआयनंतरही या गाठीत ऑपरेशनवर रेडिएशनची जोड सहसा देतात.

उलट बाजूने, रिपोर्टमध्ये ‘थोडी जास्त चमक’ असं काही आलं तर लगेच धीर सोडू नका. छिद्रांमध्ये तंतूभोवती बारीक शिरांचं जाळं असतं, ते निरोगी माणसातही चमकतं. फेशियल नर्व्हचे कानाच्या हाडातले काही भागही नैसर्गिकरीत्या चमकतात. आणि चरबी पुसली जाणं म्हणजे प्रत्येक वेळी कॅन्सरच असंही नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण रांगेने येत होते. ती काळी बुरशी नेमक्या याच फटीत शिरायची, हीच चरबी पुसायची आणि याच छिद्रांमधून वर जायची. त्या दिवसांत आम्ही टेरिगोपॅलाटाइन फोसा जितका पाहिला तितका आधीच्या दहा वर्षांत पाहिला नव्हता. चित्र तेच, रोग वेगळा. फरक कळायचा तो रुग्णाच्या हकिगतीवरून: साखर किती होती, स्टेरॉइड किती दिवस घेतलं, ताप होता का. म्हणून हकिगतीशिवाय आलेला फॉर्म मला आजही अर्धा वाटतो.

जमलं तर घरी एक करा. कापसाची बारीक वात करा, आईला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या ओठावर हलकेच फिरवा. कुठे कमी लागतं ते त्यांना बोटाने दाखवू द्या. मी स्वतः स्कॅनच्या आधी कपडे बदलून बाकावर बसलेल्या पेशंटपाशी जाऊन हेच करतो, दोन मिनिटं लागतात. कापूस कुठे लागेनासा होतो ती सीमा कळली की स्क्रीनवर कुठल्या छिद्रावर थांबायचं ते मला आधीच ठाऊक असतं.

खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारून घ्या. स्कॅनची नुसती फिल्म घेऊ नका, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर पूर्ण चित्रं मागून घ्या आणि जपून ठेवा. हा कॅन्सर दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो, तेव्हा आजचं चित्र शेजारी ठेवूनच पुढचं वाचावं लागेल. उपचार संपल्यावर तीनेक महिन्यांनी एक एमआरआय होईल. पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया तो असेल.

आणि फॉर्मवर सर्जनकडून एवढं लिहून घ्या: ‘उजव्या टाळूचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. उजव्या गालावर सात-आठ महिने मुंग्या. मॅक्सिलरी आणि व्हिडियन नर्व्ह मेंदूच्या खोडापर्यंत पाहाव्यात.’ जुन्या सीटीची सीडी त्याच पिशवीत घाला.